प्रदर्शनीस जावे किंवा कसे

कोणतीही सार्वजनिक गोष्ट बंद करायला एक हुकूम पुरतो. तीच उघडायला दोन हुकूम लागतात, आणि ती खरोखर उघडली आहे यावर सुशिक्षित माणसाचा विश्वास बसायला तिसरा लागतो. अडाणी माणूस तोवर जाऊन परत आलेला असतो.

सन १९५७ च्या जूनमध्ये फ्लूची साथ आमच्या सौसर तहसिलीत आली, तेव्हा हा नियम मला नव्याने पटला. साथ परदेशातून बोटीने आली, पुढे रेल्वेने निघाली, आणि पांढुर्ण्याला गाडी थांबत असल्यामुळे पांढुर्ण्याला उतरली. तिथून सौसरला ती मोटारीने आली. (मोटार खच्चून भरलेली होती; तरी तिला जागा मिळाली.) आमच्या कचेरीत अठरा माणसं. त्यांपैकी अकरा एकाच आठवड्यात अंथरुणाला खिळली. कामाच्या निपटाऱ्यावर याचा काहीही परिणाम झाला नाही. हा आकडा आम्ही वर कळवला नाही.

वर म्हणजे कुठे, हाही त्या वर्षी प्रश्नच होता. आदल्या नोव्हेंबरात राज्याची पुनर्रचना झाली होती. नागपूर आमच्या उशाशी. ते मुंबई राज्यात गेलं. आम्ही मध्यप्रदेशातच राहिलो आणि आमची राजधानी भोपाळला गेली. आम्ही जागचे हललो नव्हतो, तरी आमचा पत्ता बदलला. जुने छापील कागद संपेपर्यंत त्यांवरचं ‘नागपूर’ खोडून हाताने ‘भोपाळ’ लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. मी सुवाच्य अक्षरात सुमारे चार हजार वेळा राजधानी हलवली. शासनाला एकदाच जमलं.

साथ आली तेव्हा पांढुर्ण्याच्या ठेसनाजवळच्या मैदानात एक फिरती प्रदर्शनी उतरलेली होती. तिच्यात आकाशपाळणा होता, ‘मौत का कुआँ’ होता, बरफ बनवणारं यंत्र होतं आणि ‘बोलणारं मुंडकं’ होतं. साथीमुळे सर्व करमणुकी बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. हुकमात प्रदर्शनी बंद ठेवावी असं होतं. प्रदर्शनीने गाव सोडावं किंवा कसे, याबद्दल काही नव्हतं. व्यवस्थापकाने विचारणा केली. तिचं उत्तर येईपर्यंत पावसाळा सुरू झाला, आणि काळ्या मातीत पाळण्याचे पाय रुतले. प्रदर्शनी चार महिने तिथेच राहिली. बरफवाल्याने यंत्र बंद ठेवून गुळाचा चहा विकायला घेतला. मौत का कुआँमध्ये नऊ वर्षं भिंतीवर फटफटी चालवणारा माणूस पहिल्यांदाच सपाट रस्त्यावर चालवायला निघाला आणि तहसिलीच्या हद्दीत दोनदा पडला.

मग ऐन नवरात्रात उघडण्याचा हुकूम आला. साथ पुरती गेली नव्हती. पण तिला कंटाळा आला असावा, असा वरिष्ठांचा अंदाज होता. प्रदर्शनी दिवाळीनंतरच्या रविवारपर्यंत चालणार होती. तिच्या फाटकावर सूचना लावल्या गेल्या. मी त्या उतरवून घेतल्या आहेत:

शिंक आल्यास ती फाटकाबाहेर जाऊन द्यावी. परत आत येण्यास नवे तिकीट लागेल.

दोन प्रेक्षकांमध्ये एका माणसाइतके अंतर ठेवावे. (त्या अंतरात दुसरा माणूस उभा राहिल्यास त्याच्याजवळ तिकीट असावे.)

आकाशपाळण्यात तोंड वाऱ्याच्या दिशेने ठेवावे. वाऱ्याची दिशा व्यवस्थापक ठरवतील.

नाकाला रुमाल बांधल्याशिवाय प्रवेश नाही. ज्यांजवळ रुमाल नसेल त्यांना तो फाटकावर मिळेल. जाताना परत करावा, म्हणजे पुढच्यास देता येईल.

इतकी काळजी घेणारी व्यवस्था मी त्यानंतर पाहिलेली नाही.

आता मूळ गोष्ट. आमच्या कचेरीचे बडे बाबू रघुनाथराव हे माझे वरिष्ठ आणि शेजारी. आमच्या घरांची एक भिंत सामाईक होती, त्यामुळे मला त्यांचे निर्णय कचेरीत ऐकू येत आणि त्या निर्णयांचे परिणाम घरी. असा अभ्यासू माणूस विरळा. घरात मीठ संपलं तरी ते ‘संपलेलं आहे’ आणि ‘संपत आलेलं आहे’ यांत फरक करत. त्यांच्या घरी चार माणसं: ते स्वतः, त्यांची आई अंबाबाई, पत्नी मनकर्णाबाई आणि सून प्रेमलता. मुलगा हेमंत परासियाला कोळशाच्या खाणीत हिशेबनीस होता आणि त्याला क्वार्टर मिळेपर्यंत बायको सौसरलाच होती.

प्रदर्शनी उघडल्याची बातमी प्रेमलताच्या माहेरून, बोरगावहून आली. तिच्या बहिणी पाळण्यात बसून आल्या होत्या. प्रेमलताने हे सासूला सांगितलं, सासूने आजेसासूला, आणि त्या दिवशी जेवायला वाढताना तिघींनी मिळून विषय काढला. रघुनाथरावांनी घास खाली ठेवला.

“जायचं का नाही, हे मी आत्ता कसं सांगू?” ते म्हणाले. “पद्धतशीर विचार केला पाहिजे. साथ आहे.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नस्ती उघडली. विषय: ‘पुन्हा उघडण्यात आलेल्या प्रदर्शनीस कुटुंबीयांनी भेट द्यावी किंवा कसे’. रविवारी ओसरीवर सभा घेतली. अध्यक्ष रघुनाथराव, कार्यवाह रघुनाथराव, आणि साक्षीदार म्हणून मी. हेमंतचं मत पत्राने मागवलं होतं. त्याचं कार्ड आलं होतं: ‘जाऊ द्या त्यांना.’ पण त्यावर तारीख नव्हती, सबब ते विचारात घेता आलं नाही.

मतं घेतली. तीन जायच्या बाजूची, एक विरुद्ध. “बहुमत झालं,” रघुनाथराव न्यायबुद्धीने म्हणाले, “पण बहुमताने ताप उतरत नाही.”

तेव्हा मनकर्णाबाई बोलल्या. त्या कमी बोलत. हातातली सुपातली डाळ पाखडता पाखडताच बोलल्या.

“सत्तेचाळीस साली झेंडा पाहाले नेलं नाही, काहून का गर्दी होती. नागपूरले तुमच्या भाचीच्या लग्नाले नेलं नाही, काहून का लेकरू लहान होतं. ते लेकरू आता कमावून राह्यलं. निवडणुकीचं मत टाकाले नेलं, तं शाळा घराच्या समोरच निघाली. मागच्या वर्षी राजधानी उठून भोपाळले गेली, जी. राजधानी भोपाळले गेली, अन् मी अजून पांढुर्ण्याले गेली नाही.”

 सून खाली पाहत होती. मला वाटलं, आता बडे बाबू विरघळतील. ते खरोखर विरघळले. त्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि म्हणाले, “तुझं म्हणणं रास्त आहे. नोंद घेतो. आता फक्त पाहणी राहिली. आधी मी जाऊन पाहून येतो, काय कसं आहे ते.”

पाहणी एकट्याने करू नये असा दंडक आहे, म्हणून मला सोबत घेण्यात आलं.

पहिल्या रविवारी आम्ही सकाळच्या मोटारीने निघालो. मला डबा बांधून मिळाला होता. धुतलेला सदरा मिळाला होता. पांढुर्ण्याला पोचलो तर मैदानात अर्धी तहसील. सगळ्यांच्या नाकाला रुमाल, त्यामुळे ओळखीचं माणूस ओळखू येत नव्हतं आणि उधारी असलेली माणसं मोकळेपणाने हिंडत होती. रघुनाथरावांनी आकाशपाळण्यापासून सुरुवात केली. वरच्या हवेत जंतू किती, हे खाली उभं राहून सांगता येत नाही, असा त्यांचा मुद्दा होता आणि तो बिनतोड होता.

आम्ही दोघं एका पाळण्यात बसलो. पहिल्या फेरीत त्यांनी माझा दंड धरून ठेवला. दुसऱ्या फेरीत सोडला. तिसऱ्या फेरीत वर पोचल्यावर त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी सतरा वर्षांच्या नोकरीत ऐकला नव्हता. लहान मुलाला काखेत गुदगुल्या केल्यावर निघतो तसा होता. खाली उतरल्यावर ते म्हणाले, “एका तिकिटात वाऱ्याचा नीट अंदाज येत नाही.” आम्ही आणखी दोन तिकिटं घेतली.

त्या रात्रीच्या जेवणाआधी अहवाल वाचण्यात आला. ‘आकाशपाळण्यावरील हवा वरच्या बाजूस शुद्ध आहे. तथापि बसणाऱ्यास खाली यावेच लागते, व खाली हवा दूषित आहे. सबब तूर्त धोका संभवतो.’

“मग वरच थांबून राह्यलं तं?” प्रेमलताने विचारलं.

हा मुद्दा पुढील पाहणीत तपासण्याचं ठरलं.

पुढची पाहणी आम्ही बुधवारी केली. कचेरीचंही काहीतरी काम पांढुर्ण्यात निघालं. (निघालं नसतं तर काढलं असतं.) त्या दिवशी मौत का कुआँ दोनदा आणि बरफाचं यंत्र एकदा तपासलं. बरफ खाल्ल्याने घसा बसतो किंवा कसे, हे रघुनाथरावांनी स्वतःच्या घशावर पाहिलं. लाल सरबत घातलेला एक गोळा आणि हिरवं घातलेला एक. रंगाचा परिणाम वेगळा असू शकतो. पाळण्याचा उरलेला मुद्दाही निकालात काढला: त्यांनी पाळणेवाल्याला सांगून पाळणा वर थांबवला, आणि आम्ही बराच वेळ कापसाच्या वावरांवर लोंबकळत राहिलो. वावरं पांढरी व्हायला लागली होती. पलीकडे संत्र्याचे बगीचे, त्यापलीकडे रेल्वेचे रूळ. रघुनाथरावांनी रुमाल सोडला होता.

“दत्तूभाऊ,” ते म्हणाले, “लई मोठी आहे हो दुनिया.”

मी ही नोंद घेतली. अहवालात ती आली नाही. अहवालात आलं: ‘वर थांबणे अव्यवहार्य.’

मनकर्णाबाईंनी अहवाल ऐकला आणि नवऱ्याच्या धोतरावरचे लाल डाग पाहिले. “हे काय सांडलं जी?”

“शाई,” रघुनाथराव म्हणाले.

“मुंग्या लागून राहिल्या शाईले,” म्हणून त्या आत गेल्या.

तिसरी पाहणी दुसऱ्या रविवारी. विषय: बोलणारं मुंडकं. काळ्या पडद्यांच्या तंबूत एक चौरंग, चौरंगाच्या पायांतून आरपार दिसतंय, आणि चौरंगावर परातीत ठेवलेलं माणसाचं नुसतं डोकं. मिशा वळवलेल्या. मालक प्रश्न विचारी आणि डोकं हिंदीत उत्तरं देई. कोणत्या गावी पाऊस पडेल, कोणाला मुलगा होईल, सगळं त्याला ठाऊक. रघुनाथराव अगदी पुढे, परातीपासून दोन हातांवर बसले. जवळून पाहिल्याशिवाय श्वासोच्छ्वासाबद्दल मत देता येत नाही.

मालकाने विचारलं, “बताओ, भारत का भविष्य क्या है?”

मुंडक्याने तोंड उघडलं आणि खोकलं.

साधं नाही. छातीच्या तळातून आलेला, ओला, लांबलचक खोकला. परात वाजली. तंबूत दोनशे माणसं होती. एकानेही साथीचा विचार केला नाही. सगळे एकच विचार करत होते: याला छातीच नाही, तर हा खोकतो कशाने? मागून भिवाजी नावाच्या एका शेतकऱ्याने मोठ्याने विचारलंसुद्धा, “काहो, फुप्फुस कुठी ठेवलं याचं?” मालक घामाघूम झाला. म्हणाला, “इसको बीमारी सिर्फ गले तक है.” लोकांना ते पटलं. टाळ्या पडल्या. रघुनाथराव चेहरा पुसत होते. खोकला थेट त्यांच्यावर आला होता.

मंगळवारी त्यांना एकशे तीन ताप चढला. बुधवारी मलाही आला. माझ्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. कपाळावर ओल्या पट्ट्या पडत राहिल्या, वेळेवर पेज येत राहिली, चौथ्या दिवशी मी उठून बसलो, पुढच्या बुधवारी कचेरीत गेलो.

रघुनाथरावांचा ताप मात्र बोलका निघाला. डॉक्टर केशवराव आले, नाडी पाहिली, आणि विचारलं, “बाबू, कुठं गर्दीत गेले होते का?” रोगी शुद्धीत नव्हता. त्याने उत्तर द्यायला सुरुवात केली आणि दोन दिवस थांबला नाही. भिंत सामाईक असल्याने मीही पडल्या पडल्या ऐकत होतो.

“आणखी एक फेरी!” बडे बाबू ओरडत. “वर थांबव, वर! हिरवा गोळा दे, लालमध्ये मजा नाही!” मध्येच कचेरी आठवे: “सबब आणखी एक फेरी मंजूर!” मनकर्णाबाई उशाशी बसून पट्ट्या बदलत होत्या आणि पाहणीचा खरा अहवाल त्यांच्यासमोर शब्दशः वाचला जात होता. प्रेमलता, हे मला नंतर कळलं, दाराशी उभी राहून तोंडात पदर कोंबून हसत होती. मग हसू थांबलं आणि ती रडायला लागली. बहुधा रागाने.

दुसऱ्या दिवशी दुपारी आवाज खाली आला. म्हणाले, “मनकर्णे, इकडं सरक. असं दांडीले धर. भेऊ नको. पाहा, पाहा, कापूस पाहा आपल्याइकडचा, पांढरा फट! दिसून राह्यलं ना?”

पट्टी पाण्यात बुडवून पिळलेली ऐकू आली. मग मनकर्णाबाईंचा आवाज. “दिसून राह्यलं जी.”

नंतर त्या सुनेला म्हणाल्या, “तापात तं तापात. नेलं तं.”

आठवड्याच्या शेवटी रघुनाथराव शुद्धीवर आले आणि ताप त्यांच्याकडून रीतसर मनकर्णाबाईंकडे व प्रेमलताकडे वर्ग झाला. दोघी तीन-तीन दिवसांत उठल्या. अंबाबाईंना काहीच झालं नाही. त्या रामाकोना गावच्या. अठरा सालच्या मानमोडीत, म्हणजे तेव्हाच्या फ्लूत, त्यांच्या माहेरची सात माणसं गेली होती, आणि त्या एकट्या राहिल्या होत्या. साथीला त्या घाबरत नव्हत्या, ओळखत होत्या.

डॉक्टर केशवराव शेवटचे आले तेव्हा मनकर्णाबाईंनी विचारलं, “डाक्टरसाहेब, हा ताप पुन्हा येते का?”

“एकदा आला का सहसा या हंगामात येत नाही.”

“म्हणजे मी आता गर्दीत गेली तं?”

“तुम्हाला काही होणार नाही आणि तुमच्यापासून कुणाला काही होणार नाही. खोकला गेला ना? मग सगळ्यात निर्धोक तुम्हीच.”

रघुनाथराव उशीला टेकून बसले होते. त्यांच्या पायांत अजून उभं राहायचं बळ नव्हतं. “पण अहवाल अपुरा आहे,” ते क्षीण आवाजात म्हणाले. “निष्कर्ष लिहायचा आहे.”

“तुमी लिहा,” मनकर्णाबाई म्हणाल्या. “आमी तवर जाऊन येतो.”

शेवटच्या रविवारी तिघी निघाल्या. बायकांनी एकट्यांनी मोटारीने जायचं म्हणजे बरं दिसणार नाही, म्हणून रघुनाथरावांनी मला सोबत दिलं. (माझी ही चौथी खेप. मी तक्रार केली नाही.) मनकर्णाबाई खिडकीशी बसल्या. सौसरची शेवटची घरं मागे गेली तेव्हा त्यांनी गजाला धरलं आणि पांढुर्णा येईपर्यंत सोडलं नाही. कुठे कोणता नाला लागला, कुठे बैलांचा गोठा नवा बांधलाय, सगळं पाहून घेत होत्या. कुणाला तरी पुढे सांगायचं असल्यासारखं.

अंबाबाईंच्या मांडीवर फडक्यात बांधलेला पितळी तांब्या होता. मला वाटलं पाण्याचा.

प्रदर्शनीत आधी मुंडकं पाहायचं ठरलं. मुंडकं अजून खोकतच होतं. मालकाने त्याचा कार्यक्रमात समावेश करून टाकला होता. तीन प्रश्न आणि एक खोकला, असा क्रम होता. खोकला झाला तशा अंबाबाई उठल्या, रांगेतून वाट काढत थेट चौरंगापाशी गेल्या आणि तांब्याचं फडकं सोडायला लागल्या.

“अरे माताजी, हाथ मत लगाइए!” मालक धावला.

“हात कोन लावते? अडुळशाचा काढा आनला त्याच्यासाठी. कवाचा खोकून राह्यला बिचारा.”

“उसको पेट नहीं है, माताजी! कहाँ जाएगा?”

“गळा आहे ना? दुखनं गळ्यातच आहे म्हने. तूच सांगतलं ना लोकाइले.”

 मालकापुढे दोनच मार्ग होते: काढा नाकारून रोग खोटा म्हणायचा, किंवा काढा घेऊन मुंडकं खोटं ठरवायचं. मी सरकारी नोकरीत अनेक पेच पाहिले; इतका स्वच्छ पेच पाहिला नाही. निर्णय मुंडक्यानेच घेतला. मालकाकडे न पाहता ते म्हणालं, “दे दो, अम्मा.” आणि तोंड उघडलं.

अंबाबाईंनी एका हाताने त्याची हनुवटी धरली आणि दुसऱ्या हाताने तांब्या लावला. मुंडकं घटाघट प्यायलं. दोनशे माणसं वाकून चौरंगाखाली पाहत होती. काढा खाली गळेल, आत्ता गळेल. एक थेंब पडला नाही. भिवाजी आजही आला होता. त्याने हात जोडले. असा चमत्कार त्या खेळाच्या इतिहासात झाला नसेल, आणि तो मालकाने केलेला नव्हता.

“मानमोडीत आमच्या घरी पानी पाजाले मानूस उरला नव्हता,” अंबाबाई त्याच्या मिशांना लागलेला काढा पदराने पुसत म्हणाल्या. “तुले मालक तं आहे. पन तो इचारते भलतंच.”

मुंडक्याच्या डोळ्यांत पाणी आलं. अडुळसा कडू असतो.

मग आकाशपाळणा. अंबाबाई खाली बसल्या, “मले वर जायची घाई नाही,” म्हणाल्या. मनकर्णाबाई आणि प्रेमलता एका पाळण्यात बसल्या, त्यांच्या मागच्यात मी. पाळणेवाला मला आता ओळखत होता. त्याने माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर थाप मारली. “बाबूजी, जोडीदार कहाँ है? खाली सीट का वजन बराबर नहीं होता.” मग स्वतःच वाळूचं एक पोतं आणून त्याने माझ्या शेजारी ठेवलं.

पाळणा वर जाऊन थांबला. पुढच्या पाळण्यातून प्रेमलताची किंकाळी आणि हसू एकदमच आलं. तिची सासू मात्र बराच वेळ वावरांकडे पाहत होती. मग मागे वळली आणि मला, पोत्याला आणि पुन्हा मला पाहिलं.

“दत्तूभाऊ, रजनी काहून नाही आली?”

रजनी माझी बायको. मी म्हणालो, “तिला असल्या गोष्टींची आवड नाही.”

“इचारलं होतं?”

उंचावर वारा असतो. काही प्रश्न ऐकू आले नाहीत असं म्हणता येतं. मी तसं म्हणालो नाही. शेजारचं पोतं सरळ केलं.

“तिले ताप आला होता, ठाऊक आहे ना तुमाले? तुमी उठून कचेरीत गेले, त्या दिवसापासून तीन दिवस. मी दुपारची येऊन तिले पेज पाजून जात होती.”

मला ठाऊक नव्हतं. त्या तीन दिवसांत मला दोन्ही वेळचं जेवण वेळेवर मिळालं होतं. सदरे धुतलेले होते. तापाची एकही नोंद माझ्यापर्यंत आली नव्हती. मी पाळण्याच्या दांडीला धरलं. खाली कापसाची वावरं होती, पांढरी. पण ती मी आधी तीनदा पाहिली होती.

प्रदर्शनी त्या दिवशी उठली. पाळण्याचे पाय मातीतून काढायला सहा बैल लागले. रघुनाथरावांचा अहवाल फेब्रुवारीत पूर्ण झाला. निष्कर्ष: ‘योग्य ती खबरदारी घेऊन कुटुंबीयांनी प्रदर्शनीस जाण्यास हरकत नसावी.’ मनकर्णाबाईंनी तो वाचून घेतला आणि डाळीच्या डब्याखाली अंथरला. पुढे हेमंतला क्वार्टर मिळालं, तेव्हापासून त्या वर्षातून दोनदा सुनेकडे परासियाला जात, एकट्या, आणि जाऊन आल्यावर सांगत.

मी त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा रजनी चुलीपुढे होती. मी तिला तापाबद्दल विचारायचं ठरवलं होतं. मोटारीत बसून वाक्यही तयार केलं होतं. पण आल्या आल्या तिनेच विचारलं, “कशी होती?” आणि मी सांगायला लागलो. मुंडकं सांगितलं, काढा सांगितला, भिवाजी सांगितला. ती हसली. जेवण होईपर्यंत मी सांगत होतो. सांगण्यासारखं पुष्कळ होतं, आणि त्यात ते वाक्य राहून गेलं. या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली.

रघुनाथरावांना वाचक हसले असतील. त्याला माझी हरकत नाही, ते हसण्यासारखेच होते. मलाही हसले असतील, तेही मंजूर. हे वाचताना तुमच्या हाताशी कुणीतरी चहा आणून ठेवला असेल, आणि कपाकडे हात गेला तरी तुमची नजर वर गेली नसेल. मजकूर इतका रंगला, हा मी माझा सन्मान समजतो.